चोपन्न पायऱ्यांचा थकवा

आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. डोंबिवलीतली जुनी चार मजली इमारत, तिसऱ्या मजल्यावर आमचं घर आणि खालून वरपर्यंत मोजून ५४ पायऱ्या. मोजून म्हणजे खरोखरच मोजून. २०२२ सालच्या पावसाळ्यात त्या मी इतक्या वेळा मोजल्या आहेत, की कितव्या पायरीचा टवका उडालाय आणि कुठे वायरमनने भिंत फोडून तशीच ठेवली आहे, हे मला झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगता येईल.

त्या वर्षीच्या मे महिन्यात माझं वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालं. वय ४८, उंची पाच फूट दोन इंच आणि वजन ११२ किलो. सोबत मधुमेह, रक्तदाब, कुरकुरणारे गुडघे आणि रात्री झोपेत मध्येच अडकणारा श्वास. मी शाळेत मराठी शिकवते. म्हणजे दिवसातले पाच-सहा तास उभं राहणं आलंच. त्याआधीच्या वीस वर्षांत मी काय केलं नव्हतं? मध-लिंबूपाणी झालं, नुसत्या फळांवर राहणं झालं, पहाटेचं चालणं झालं. दहा किलो उतरायचे आणि बारा किलो चढायचे. शेवटी मधुमेहाच्या डॉक्टरांनीच ऑपरेशनचा विषय काढला. हे आधी घाबरले, मग त्यांनी दोन डॉक्टरांना विचारलं, मग मी सुट्टीचा हिशेब केला. शाळा बंद, पेपर तपासून झालेले, मुलीची परीक्षा संपलेली. आता घरच्या सोयीने आजारी पडायचं म्हणजे मे महिनाच!

ऑपरेशनबद्दल फार सांगत नाही. पोटावर चार-पाच लहान छिद्रं पाडून दुर्बिणीने करतात. माझ्या शस्त्रक्रियेला 'स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी' म्हणतात. जठराचा जवळजवळ पाऊण भाग कापून काढतात, उरते ती केळ्याच्या आकाराची एक नळी. भूक चेतवणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होतं. तो भागच गेल्याने खाणंही कमी होतं आणि भूकही मंदावते. दुसरा प्रकार 'बायपास'चा. त्याची सुरुवात अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६०च्या दशकात केली. म्हणजे हे शास्त्र काही काल-परवाचं नाही. तिसऱ्या दिवशी मी घरी आले. जखमा दुखत होत्या, पण बेताच्या. सगळं ठरल्याप्रमाणे झालं होतं.

ठरल्याप्रमाणे झाली नाही ती एकच गोष्ट. माझ्या अंगातलं त्राण गेलं ते परत येईना.

थकवा हा शब्द आपण फार सैल वापरतो. लग्नघरचं काम उरकून पाय पसरतो तोही थकवाच. पण त्या थकव्याला एक समाधान असतं, आणि रात्रभर झोपलं की तो जातो. हा थकवा वेगळा होता. सकाळी उठतानाच तो माझ्याआधी जागा झालेला असायचा. केस विंचरायला हात वर केला की दंड भरून यायचे. आंघोळ झाली की अर्धा तास पडून राहावं लागायचं. फोनवर बोलता बोलता शब्द सापडेनासा व्हायचा. मी मराठीची बाई, आणि मला 'चिमटा' आठवेना! मुलीला म्हटलं, "अगं ते, गॅसवरचं भांडं उचलायचं." ती हसली. मीही हसले, आणि मग उगाचच रडू आलं.

घरी आल्यापासून पिण्याखाण्याचंच एक ऑपरेशन चाललं होतं. पहिले दोन आठवडे नुसतं पातळ. औषधाच्या बाटलीवर येतं ना ते ३० मिलीचं झाकण, तो माझा पेला. दर पंधरा मिनिटांनी एक झाकण, तेही घोट घोट. डाळीचं पाणी, ताक, शहाळं, गाळलेलं सूप. दिवसाला दीड ते दोन लिटर द्रव पोटात गेलं पाहिजे असं सांगितलं होतं. करून बघा हिशेब. तासाला चार झाकणं, म्हणजे १२० मिली. दीड लिटरला साडेबारा तास! दिवसभर दुसरं काही केलंच नाही तर जमायचं. मी मधूनच डुलकी काढायची, दोन तास निघून जायचे, आणि तो अनुशेष काही भरून निघायचा नाही. 'जाऊ दे, तहान कुठे लागलीय,' असं म्हणून मी स्वतःची समजूत घालायची.

पंधराव्या दिवशी मला वाटलं, बस झालं कौतुक. टाके सुकलेत, आता उठायला हवं. ओल्या कपड्यांची बादली उचलायची नव्हती, तेवढी अक्कल होती. म्हणून एकेक कपडा नेऊन वाळत घालायला लागले. चौथ्या की पाचव्या कपड्याला डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून खाली बसले. ओला टॉवेल मांडीवर. तशीच बसून राहिले.

सासूबाईंनी पाहिलं. त्यांचं वय तेव्हा ७८. त्यांनी आरडाओरडा केला नाही, की ह्यांना हाक मारली नाही. माझ्यासमोर पाट घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, "बाळंतिणीला सव्वा महिना देतात. ती तर पोटातलं मूल बाहेर ठेवते, पोट तिचं तिच्याकडेच राहतं. तुझं तर पोटच कापून नेलंय. मग तुला पंधरा दिवसांत कुणी उठवलं?"

मला कुणीच उठवलं नव्हतं. मीच उठले होते. आजारपणाला आपल्याकडे मान असतो, ताप असला तर असतो, प्लास्टर असलं तर असतो. पण 'हौसेने' करून घेतलेल्या ऑपरेशनचं दुखणं दाखवायची मला चोरी वाटत होती. भेटायला येणाऱ्यांचं बोलणंही तसंच. एक वन्स म्हणाल्या, "बरं बाई, आयतं बारीक व्हायचं." शेजारच्या एकीने, आपण रोज किती चालतो ते अर्धा तास ऐकवलं. त्यांचाही राग येत नाही आता. त्यांना काय, मलाही हा सोपा मार्गच वाटला होता. म्हणून तर थकल्याचं सांगायची लाज वाटत होती.

सासूबाईंनी मात्र दुसऱ्या दिवसापासून माझं बाळंतपण सुरू केलं. डिंकाचे लाडू करायला घेतले तेव्हा मी घाबरून आहारतज्ज्ञ बाईंना फोन लावून दिला. साजूक तूप आणि गुळावर दोघींची बरीच चर्चा झाली. शेवटी मुगाच्या कढणावर तह झाला. आजारी माणसाला कढण द्यायची आपली जुनीच रीत, आणि त्यात प्रथिनंही आहेत. लाडू मुलीने खाल्ले.

जूनच्या मध्याला शाळा उघडली. सव्वा महिना उलटून गेला होता, मीही निर्धास्त होते. पहिल्याच आठवड्यात कळलं की वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे आणि मधल्या सुट्टीत मी खाली उतरूच शकत नाही. आवाज बसायचा. फळ्यावर लिहिताना अक्षर खाली घसरत जायचं. तोवर १५-१६ किलो वजन उतरलं होतं, त्यामुळे स्टाफरूममध्ये कौतुक आणि तपास एकदमच. "आता तर हलकी झालीस, मग दमतेस कशी?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मलाही तोच प्रश्न पडला होता. ११२ किलो घेऊन मी ५४ पायऱ्या चढत होते, हाश्शहुश्श करत का होईना. आता ९६ किलोंना मला मध्ये दोनदा थांबावं लागत होतं.

जुलैतल्या एका संध्याकाळी, बाहेर धो धो पाऊस, हातात ओली छत्री आणि वह्यांची पिशवी, मी २७व्या पायरीवर बसले. बरोबर निम्म्यावर. वर जायची ताकद नाही आणि खाली जाऊन करणार काय? येणारे-जाणारे बाजूने जात होते. आणि त्या पायरीवर बसल्या बसल्या मला आई आठवली.

आमचं घर चिपळूणचं. आई अंगाने भरलेली. वजनकाट्यावर ती कधी चढलीच नाही, त्यामुळे आकडा ठाऊक नाही. विहिरीचं पाणी, दहा माणसांचा स्वयंपाक, गोठा, सगळं करून दुपारी ती ओटीवर येऊन बसायची, आणि मग तिला उठवत नसे. वडील पाहुण्यांसमोर म्हणायचे, "आमच्याकडे एकदा बैठक मारली की उठवायला चार गडी लागतात." सगळे हसायचे. मीही हसायची. १९९० साली दहावीच्या बक्षीस समारंभाला आई येणार होती. सभागृह वरच्या मजल्यावर. जिना चढून धापा टाकत ती सगळ्यांसमोर येणार, या कल्पनेनेच मला कसंतरी झालं. मी तिला सांगितलं, "जिना फार उंच आहे, तुला त्रास होईल, तू नको येऊ." ती आली नाही. "खरंच गं, माझ्याने नाही व्हायचं," एवढंच म्हणाली. १९९६ मध्ये ती गेली. तिला काय होत होतं, रक्त कमी होतं की थायरॉइड होता की मधुमेह, हे कुणी तपासलं नाही. कारण निदान आधीच झालं होतं. आळशी.

२७व्या पायरीवर मला तिची माफी मागावीशी वाटली. आणि दुसरं असं वाटलं, की जे तिच्या बाबतीत केलं तेच मी आता माझ्या बाबतीत करतेय. तपासून न बघता मीही माझं निदान करून टाकलं आहे.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि डॉक्टरांकडे गेले. त्यांनी रक्तदाब मोजला. ९० बाय ६०. "रक्तदाबाची गोळी कुठली घेता?" मी सांगितली. तीच, जुनीच. "अहो, वजन १८ किलो उतरलंय आणि गोळी मात्र अजून ११२ किलोच्या बाईची घेताय!" वजन उतरायला लागलं की मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या बऱ्याचदा कमी कराव्या लागतात, काही वेळा बंदही. मधुमेहाच्या त्यांनी घरी सोडतानाच कमी केल्या होत्या. रक्तदाबासाठी दोन आठवड्यांनी नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा, असं कागदावर स्वच्छ लिहिलं होतं. तो कागद कपाटात, मुलीच्या गुणपत्रिकांखाली होता. दोष कुणाला द्यायचा?

मग आहारतज्ज्ञ बाईंनी चार दिवसांचं खाणं-पिणं, गोळ्यांच्या वेळांसकट, वहीत लिहून आणायला सांगितलं. दुसऱ्यांच्या वह्या तपासणारी मी, माझी वही त्यांच्यापुढे ठेवताना हात थरथरत होता. त्यांनी लाल पेन घेतलं नाही, पण चुका भराभर निघाल्या. पाणी दिवसाला ८०० मिली, म्हणजे निम्मंच. शरीरातलं पाणी कमी झालं की गळून जायला होतं, चक्कर येते, डोकं चालत नाही. तहान लागण्याची वाट बघायचीच नाही, हा पहिला धडा.

दुसरी चूक प्रथिनांची. या ऑपरेशननंतर रोज साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं लागतात. माझी ३० होत होती. आमच्याकडे शाकाहार, अंडं तेवढं चालतं. एका अंड्यात ६ ग्रॅम, ५० ग्रॅम पनीरमध्ये ९, वाटीभर वरणात सहा-सात, पेलाभर दुधात तेवढीच. आणि पोटात मावणार एका वेळी अर्धी वाटी! त्यात मी सवयीने आधी मऊ भात खायची, मग वरणाला जागाच उरायची नाही. प्रथिनं कमी पडली की शरीर चरबीबरोबर स्नायूही जाळायला लागतं. वजनकाटा खूश असतो, पण पायरी चढायची ती स्नायूंनी. चरबीबरोबर माझे पायही उतरत होते. तेव्हापासून ताटात नियम केला, आधी अंडं-पनीर-डाळ, मग भाजी, भात-पोळी सर्वांत शेवटी. आणि डॉक्टरांनी दिलेली पावडर, नाक मुरडत का होईना, रोज. जेवताना पाणी नाही, पुढे-मागे अर्धा तास ठेवून.

तिसरी चूक ऐकून तर त्या बाईंना हसूच आलं. विसरायला नको म्हणून मी सकाळी चहाबरोबर सगळ्या गोळ्या एकदम घ्यायची. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेतलं की कॅल्शियम लोहाला आत शिरू देत नाही. चहाही लोहाच्या आड येतो. म्हणजे दोन महिने मी लोहाची गोळी नेमाने घेतली आणि तितक्याच नेमाने वाया घालवली. त्यातून जठर लहान झालं की आम्ल कमी तयार होतं, आणि लोह शोषलं जायला आम्ल लागतं. हिमोग्लोबिन ९.८ भरलं. आता लोह आणि कॅल्शियममध्ये निदान दोन तास सोडते, आणि लोहाच्या गोळीबरोबर लिंबाचं पाणी.

चौथं होतं ब-१२. अन्नातलं हे जीवनसत्त्व सुटं करायला जठरातलं आम्ल लागतं आणि ते शोषून घ्यायला जठराच्या अस्तरातूनच पाझरणारा एक घटक लागतो. जठर कापलं की दोन्हीत तूट. शिवाय आपण शाकाहारी लोक मुळातच या बाबतीत कंगाल. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपल्याकडच्या ब-१२च्या कमतरतेवर कित्येक वर्षं काम केलं आहे. माझी शिल्लकच थोडी होती, ती लवकर संपली. 'चिमटा' का आठवत नव्हता, याचं निदान एक कारण सापडलं. इंजेक्शनं सुरू झाली. पुढे गोळ्या आल्या, त्या जन्मभर घ्यायच्या आहेत.

म्हणजे माझा थकवा आळस नव्हता. तसा तो एकच थकवाही नव्हता. काही भाग अगदी स्वाभाविक होता. सुरुवातीच्या आठवड्यांत दिवसाला पाच-सातशे कॅलरी पोटात जातात, जखम भरायची असते, भुलेचा परिणाम उतरायचा असतो. मरगळ येणारच, ती काही आठवड्यांत ओसरते. काही भाग होता गोळ्यांचा आणि कमतरतांचा, तो शोधल्यावर सापडला. आणि एक भाग मनाचा. जेवण हा माझा विसावा होता. शाळेतून आलं की चहा आणि खारी, भांडण झालं की शेव-चिवडा. तो विसावा एकदम गेला आणि त्याच्या जागी काही आलं नाही. हे मी डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी ते हसण्यावारी नेलं नाही. ऑपरेशननंतर उदास वाटणं पुष्कळांना होतं आणि त्यावर बोलायला समुपदेशक असतात, हे तेव्हा कळलं. मी चार वेळा गेले.

एक मात्र सगळ्यांनी ध्यानात ठेवायला हवं. प्रत्येक थकवा घरी बसून वाट बघण्याचा नसतो. ताप, पोटात जोराचं दुखणं, बसल्या जागी छातीत धडधड, धाप, पोटरीला सूज, काळी शौचाला, यातलं काही असेल तर थेट डॉक्टर. उलट्या थांबतच नसतील आणि पायांना मुंग्या, नजरेत अंधुकपणा, बोलण्यात गोंधळ असं काही दिसलं तर एक दिवसही थांबू नये. ब-१ जीवनसत्त्व संपल्याचं ते लक्षण असू शकतं आणि उशीर झाला तर मज्जासंस्थेचं कायमचं नुकसान होतं.

इलाज सुरू झाल्यावर चमत्कार झाला नाही. रक्तदाबाची गोळी बदलल्यावर चार-आठ दिवसांत अंधारी थांबली. बाकीच्याला महिने लागले. मध्ये केसही मुठीने गेले. तीन ते सहा महिन्यांत असे केस जातात आणि बहुधा परत येतात, हे ठाऊक असूनही कंगवा बघून जीव खालीवर व्हायचा. नुसतं पडून राहिलं तर थकवा वाढतो, हेही शिकले. म्हणून दिवसातून तीनदा पाच-पाच मिनिटं गॅलरी ते दार असं चालायचं, दर आठवड्याला दोन मिनिटं वाढवायची. आणि एक गोष्ट शिकले जी ऑपरेशनपेक्षा कठीण गेली. मागणं. मुख्याध्यापिकांकडे तळमजल्यावरचा वर्ग मागितला, त्यांनी दोन मिनिटांत दिला. ते दोन मिनिटांचं वाक्य बोलायला मला सहा आठवडे लागले होते. ह्यांना सांगितलं, संध्याकाळचा स्वयंपाक तीन महिने माझ्याकडे नाही. ह्यांची पहिली आमटी सासूबाईंनी डोळे मिटून खाल्ली.

आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकू. मला २७व्या पायरीवर बसलेलं त्यांनी पाहिलं होतं, हे मला माहीत नव्हतं. आठवड्याभराने जिन्याच्या त्या वळणावर एक लाकडी स्टूल दिसलं. कुणी काही बोललं नाही. मी बसायची, वीस श्वास मोजायची, उठायची. त्या वर्षी दिवाळीत, वसुबारसेला, पणत्या घेऊन वर येताना मी घराच्या दारात पोचले आणि लक्षात आलं की आज आपण थांबलोच नाही.

आज माझं वजन ७६च्या आसपास आहे. कधी दोन किलो वर, कधी खाली. मधुमेहाची एक गोळी राहिली आहे, झोपेत श्वास अडकत नाही. दरवर्षी रक्त तपासते. काही दिवस अजूनही गळाठल्यासारखं होतं, मग मी आधी पाण्याची बाटली बघते, नंतर स्वतःला नावं ठेवायची की नाही ते ठरवते. बहुतेक वेळा बाटली भरलेलीच सापडते.

गेल्या महिन्यात शाळेतल्या एका सहकारी बाईंच्या भाचीचा फोन आला. तिच्या ऑपरेशनला तीन आठवडे झाले होते. "मॅडम, घरचे म्हणतात मी आळशी झालेय. मलाही तसंच वाटायला लागलंय." मी तिला विचारलं, सकाळपासून किती पाणी प्यालीस? गोळ्या कशाबरोबर घेतेस? जुन्या औषधांचं डॉक्टरांना विचारलंस का? तिने एकेक सांगितलं, मी पुढे काय करायचं ते सांगितलं. फोन ठेवताना म्हटलं, "आणि हे बघ, बाळंतिणीला सव्वा महिना देतात." ती हसली.

स्टूल अजून तिथेच आहे. हल्ली सासूबाई देवळातून येताना त्यावर बसतात. मी पिशवी घेऊन शेजारी उभी राहते. "चल" म्हणायची मला घाई नसते.